बिनदगडाचं जातं

मार्कंड्याच्या जत्रेत भोंगा लावायला सरकारनं मला पाठवलं तेव्हा मी आधीच वैतागलेला होतो. चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, त्या काळची ही गोष्ट. गावोगावी पंचायतीपुढे सरकारी रेडिओ बसवायची टूम निघाली होती आणि ते रेडिओ चालते ठेवणं हे माझं काम होतं. सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून मी सावली गावापासून चामोर्शीपर्यंत हिंडायचो. लोक हौसेनं जमायचे, नागपूरचा माणूस खतावर बोलू लागला की एकेक जण धोतर झटकून उठायचा, आणि वर साहेब मलाच विचारायचे, गुणवंतराव, श्रोते कमी का पडतात? 

जत्रेत तर भोंग्याकडे कोणी मान वळवूनही बघत नव्हतं. शिवरात्र होऊन गेली होती, तरी देवळांभोवतीची पालं तशीच होती. वैनगंगा इथं येऊन उत्तरेकडे वळते, पण पाणी इतकं संथ की ते वळतंय हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. सकाळी चुलींचा धूर आणि नदीवरचं धुकं एकमेकांत मिसळून जायचं आणि त्यातून देवळांचे कळस तेवढे वर दिसायचे. पलीकडच्या वाळूतून येणारी माणसं पाण्यावरून चालत आल्यासारखी वाटायची. अशा जागी भोंग्यातून खताची माहिती देणं हा शुद्ध आगाऊपणा होता, आणि तो मी सरकारी पगार घेऊन करत होतो.

माझ्या शेजारी, त्याच चिंचेखाली, जाती-पाटे विकणारा एक पाथरवट बसला होता. त्याच्या छिन्नीच्या आवाजानं माझा रेडिओ ऐकू येत नव्हता आणि माझ्या रेडिओमुळे त्याचं गिऱ्हाईक पळत होतं, त्यामुळे आमचं बरं जमलं होतं. एका सकाळी त्याच्यापुढे एक बाई येऊन उभी राहिली. तिच्यामागे कावड घेतलेला एक माणूस होता. कावडीच्या एका टोपलीत फडक्यात बांधलेलं काहीतरी जड, आणि दुसऱ्या टोपलीत तोल साधायला नदीचे गोटे. बाईनं फडकं सोडलं आणि पाथरवटाला म्हणाली, याच्यावर बसेल असा दगड पाहिजे.

पाथरवटानं वाकून पाहिलं आणि तो हसायला लागला. मीही पाहिलं. काळीकुट्ट, तेलकट, लोखंडाची गोलसर पेटी होती. लहान डेऱ्याएवढी. दोन्ही बाजूंना एकेक मूठ आणि खाली घडी होणारे पाय. पाथरवट म्हणाला, अशा उभ्या जात्याला दगड बसवायचा तरी कुठून? बाई हसली नाही आणि रागावलीही नाही.

"मागच्या जत्रेत दुसऱ्याले दाखोलं तं तोई हासला," ती म्हणाली. "हासून झालं का सांग, बसते का नाई बसत."

मी भोंगा बंद केला. सरकारी वेळात मी भोंगा बंद केल्याची ती पहिली खेप असावी. ती वस्तू मी ओळखली होती.

लढाईच्या काळात मी पलटणीत बिनतारी खात्यात होतो, आसामच्या बाजूला. आमची छोटी तुकडी जंगलातून चालायची. कुठं थांबलो की यंत्र उघडायचं, झाडावर तार फेकायची, कानाला ऐकायचं लावायचं आणि बोटानं चावी दाबत टिकटिक करून निरोप पाठवायचा. पण त्या रानात यंत्राला वीज कोण देणार? माझ्यामागे एक गडी पाय रोवून बसायचा आणि दोन्ही हातांनी असल्याच मुठी गरगर फिरवायचा. तो फिरवी तोवर मी बोलायचो. तो थांबला की मी मुका. माझ्यामागे बसणाऱ्याचं नाव बिरजू. माझ्यातली अर्धी विडी रोज त्याची असायची, कारण त्याचे हात थकले तर वाचा माझी जायची.

मी बाईला सांगितलं, हे जातं नाही. यात दळण्यासारखं काही नाही. हे हातानं वीज काढायचं यंत्र आहे, लढाईतलं. तिनं माझ्याकडे, मग माझ्या भोंग्याकडे पाहिलं. भोंगेवाल्याचं ऐकावं का नाही याचा तिनं जरा विचार केला असावा. मग ती चिंचेच्या मुळीवर बसली, कमरेची चंची काढली आणि तंबाखू मळू लागली. इतके दिवस विचारत फिरल्यावर एक उत्तर देणारा भेटला होता, आता तिला कसलीच घाई नव्हती.

तिचं नाव सोमारी. एटापल्लीच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत तिचा पाडा. बरोबरचा कावडवाला तिचा दीर, पत्रू. हा गडी जन्मात दहा वाक्यं बोलला असेल तर खूप. यंत्र होतं सोमारीच्या नवऱ्याचं, लालसूचं. लालसू परवाच्या पावसाळ्यात तापानं गेला. सोमारी मराठी बोलायची ती आठवडी बाजारात शिकलेली, मधेच गोंडी शब्द आला की पत्रूकडे पाहायची आणि पत्रू मान खाली घालायचा. तरी त्या सकाळी तिनं मला लालसू असा दाखवला की पुढं कितीतरी दिवस मला तो ओळखीचा वाटत राहिला.

लालसू म्हणजे हात. सोमारीनं सुरुवातच तिथून केली. बांबूच्या कुपात, म्हणजे तोडीला दिलेल्या रानात, त्याच्या बरोबरीनं तोडणारा कोणी नव्हता, पण तो कधी घाईनं तोडत नसे. सकाळी जो वेग धरला तोच संध्याकाळपर्यंत. लढाईच्या वेळी मजूर पलटणीसाठी माणसं न्यायला कोणी आला, त्यानं लालसूचे दंड पाहिले आणि त्याला घेऊन गेला. मागे सोमारी आणि तिची मोहाची झाडं. लढाई संपल्यावर कधीतरी तो परत आला. लढाईहून आलेली माणसं कांबळी आणतात, चाकू आणतात, बायकोला लुगडं आणतात, एवढं पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. लालसूनं आणलं हे. चांद्याच्या स्टेशनापासून खांद्यावर वाहत.

पहिल्याच संध्याकाळी सगळा पाडा त्याच्या अंगणात जमला. लालसूनं यंत्राचे पाय उघडले, ते गुडघ्यांत धरलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, हे फिरवलं की माणूस बोलतो. मग तो फिरवू लागला. घर्र घर्र आवाज झाला. सगळे वाट पाहत बसले. कोणी बोललं नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली की माझी सून तर न फिरवताच बोलते. असा हशा पिकला म्हणे, की कुत्री भुंकायला लागली. लालसूही हसला. पण त्यानंतर त्या वस्तूबद्दल तो कोणाशी, अगदी सोमारीशीही, एक अक्षर बोलला नाही.

सोमारीनं मनाशी हिशेब बसवला तो अगदी बायकोचा होता. तिला वाटलं, याला शहरात कोणीतरी फसवलं. दगड नसलेलं जातं गळ्यात मारलं, आणि आता लाज झाकायला हा माणूस बोलण्याची गोष्ट सांगतो. नवऱ्याची अब्रू राखायची तर याला दगड मिळवून द्यायचा, म्हणजे निदान कोदो तरी दळता येतील. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. जिथं पाथरवट दिसेल तिथं ती हळूच चौकशी करायची.

लालसू मात्र रोज संध्याकाळी शेताच्या बांधावर मोहाखाली बसायचा आणि ते फिरवायचा. दिवसभराचं उन्ह झाडांच्या शेंड्यांवर अडकलेलं असायचं, खाली सावली निळी होत जायची आणि त्या सावलीतून तो आवाज येत राहायचा, घर्र, घर्र, कधी बारीक, कधी भरदार. पाणी आणणाऱ्या बाया त्या बाजूला आल्या की हळू चालायच्या. लेकरं त्या आवाजावर झोपी जायची. एक वासरू तर रोज त्याच्याजवळ येऊन बसायचं आणि डोळे मिटून घ्यायचं. सोमारीला आधी राग यायचा. दिवसभर बांबू तोडून आलेला माणूस, पुन्हा हातांनाच कष्ट, आणि त्यातून पीठ पडतंय म्हणावं तर तेही नाही.

"वारा दळून झाला असन तं जेवाले ये, असं म्हनो मी त्याले," ती म्हणाली आणि नदीकडे पाहू लागली. "रोज म्हनो."

मग ती म्हणाली की आता संध्याकाळ झाली की कान उघडेच राहतात, त्यात काहीच पडत नाही. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पत्रूनं तिच्या हातातली मळलेली तंबाखू उचलली आणि तोंडात टाकली.

आता दगड कशाला पाहिजे, लालसू तर गेला, असं मी विचारलं. तेव्हा तिनं खरी अडचण सांगितली. तिच्या पाड्यावर रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या नावानं रानाच्या कडेला दगड उभा करायचा आणि त्याच्या हातात वावरलेल्या वस्तू तिथं नेऊन ठेवायच्या. कुऱ्हाड, मडकं, छत्री, जे असेल ते. प्रत्येक वस्तू ठेवताना तिचं नाव घ्यायचं, ही तुझी कुऱ्हाड, हिनं तू बांबू तोडलास, असं, आणि मग ती फोडायची. फोडली की ती त्याची झाली. हातातली वस्तू घरात राहिली तर तो तिच्यासाठी दाराशी येत राहतो, त्याला जाता येत नाही. आणि दुसऱ्याची वस्तू चुकून ठेवली तर त्या मालकाचं ओझं मेलेल्याच्या डोक्यावर बसतं. ओढ्यातला दगड निवडून ठेवला होता. बाकी सगळं तयार होतं. पण पाड्याचा जुना जाणता, जंगू नावाचा, त्यानं सांगितलं होतं की या लोखंडाचं नाव काय, काम काय, आणि हे लालसूचंच का, एवढं कळल्याशिवाय दगड उभा करायचा नाही. दगड बसला तर निदान जातं म्हणून त्या लोखंडाचं नाव घेता येईल, म्हणून ती फिरत होती. लालसू दोन पावसाळे त्या एका वस्तूपायी खोळंबला होता.

नाव आणि काम तर मी सांगू शकत होतो. मालकी बघायला म्हणून मी ते यंत्र उलटं केलं. अंगावर बोटभर जाडीचा थर होता, मोहाचं तेल, धूर, धूळ, सगळं एकजीव झालेलं. खिशातल्या पेचकसानं मी एका कडेला खरवडलं आणि नको ते दिसलं. तीन रेघांचा बाण. लढाईत टोपीपासून तोफेपर्यंत सगळ्या सरकारी मालावर तो ठोकलेला असायचा. तो बाण असलेली वस्तू शिपायाच्या घरात सापडली तर त्याचा अर्थ एकच होता, चोरी.

मी तिला खरं तेच सांगितलं. सांगताना मला त्या बाणाचा, सरकारचा आणि स्वतःचाही फार राग आला.  सोमारीनं बाणावर बोट फिरवलं. पत्रूनं मात्र त्या दिवशीचं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. घासून टाकू, तो म्हणाला, कोणाला कळतं.

"लालसूले तं मालूम हाय न," सोमारी म्हणाली.

 सोमारीनं ठरवलं की वस्तू चांद्याला नेऊन सरकारला परत करायची. मी समजावून पाहिलं. ज्या सरकारचा हा बाण ते सरकार बोटीत बसून केव्हाच गेलं. आताच्या कचेरीत हे नेलं तर बाबू लोक आधी घाबरतील, मग तिला चार दिवस बाकावर बसवतील आणि शेवटी कोपऱ्यात टाकून देतील. तिला हे पटलं नाही. मालक गेला तरी त्याच्या घरात कोणीतरी राहतंच ना, असं तिचं म्हणणं. आमच्या स्वातंत्र्याबद्दल इतकं थोडक्यात कोणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मी वाद सोडला.

पण उसनी वस्तू मळकी परत द्यायची नसते. ती म्हणाली, नदीवर नेऊन घासते. पाण्यात बुडवू नको, एवढं मात्र मी बजावलं. तिनं चुलीतली राख घेतली, आमच्याच झाडाच्या चार चिंचा उचलल्या आणि घाटाखाली, जिथं ओली वाळू होती तिथं जाऊन बसली. मी भोंगा पुन्हा सुरू केला, कारण पगार.

दुपार चढली. जत्रा सुस्तावली. पालांच्या सावल्या आखडून आत गेल्या, रेवड्या विकणारा रेवड्यांवर फडकं टाकून झोपला. नदी उन्हात इतकी चमकत होती की तिच्याकडे बघता बघता डोळे आपोआप मिटत. नागपूरचा माणूस भाताच्या रोगावर बोलत होता आणि त्याचा आवाजही पेंगल्यासारखा वाटत होता. मला डुलकी लागली असावी. त्या डुलकीत मागून घर्र घर्र आवाज आला आणि मला वाटलं, मी आसामात आहे, पाठीशी बिरजू बसलाय, झाडांवरून पाणी गळतंय आणि माझं बोट चावीवर आहे. एवढं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. मी बिरजूला हाक मारणार तोच जाग आली. पत्रू यंत्र उन्हात ठेवून मुठीत कुठं वाळू गेली का ते फिरवून पाहत होता.

काळं लोखंड गेलं होतं. आतून हिरवा रंग निघाला होता, आम्हा पलटणीतल्या लोकांच्या डोळ्यांत बसलेला तो हिरवा रंग. सोमारीचे हात कोपरापर्यंत राखेनं भरले होते. तिनं यंत्राच्या कडेवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "एक बान सरकारचा म्हनलास. हा दुसरा कोनाचा?"

मी वाकून पाहिलं. पहिल्या बाणापुढे, त्याच्या टोकाला टोक लावून, उलट्या तोंडाचा दुसरा बाण ठोकला होता. दोन शिकाऱ्यांनी समोरासमोरून मारावेत तसे. मी खाली बसलो. 

सरकार आपला माल विकून टाकतं तेव्हा त्यावरच्या बाणाला असा उलटा बाण भिडवतात. आता ही वस्तू आमची नाही, असा त्याचा अर्थ. लढाई संपली तेव्हा अशा मालाचे ढीगच्या ढीग लिलावात निघाले होते, मी स्वतः पाहिले होते. लालसूनं हे उचललं नव्हतं. ढिगातून निवडून, रोख देऊन घेतलं होतं. मी सोमारीला म्हटलं, हे लालसूचंच आहे, विकत घेतलेलं. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. पत्रू उठला आणि कावडीच्या दुसऱ्या टोपलीतले गोटे एकेक काढून नदीच्या दिशेनं फेकू लागला. भावाच्या डोक्यावरचं ओझंच तो उतरवत असावा.

"म्हंजे माह्यं लुगडं हे होय," सोमारी म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

मग तिनं नाव विचारलं. मी जनरेटर म्हणून सांगितलं, तिनं ते तोंडात घोळवलं आणि सोडून दिलं. नाव कळलं, पण हे करतं काय? लालसू म्हणाला होता माणूस बोलतो, तो कुठाय? तो कुठंतरी दूर असतो, मी म्हटलं, आणि मग मला वाटलं, तोंडानं सांगण्यात अर्थ नाही. माझ्या पेटीत बॅटरी तपासायचा छोटा दिवा होता. त्याच्या दोन तारा मी यंत्राला लावायला घेतल्या आणि तिला म्हटलं, फिरव.

इतक्या वर्षांत तिनं त्या मुठींना कधी हात लावला नव्हता. ती यंत्रापुढे बसली, पत्रूनं यंत्राचे पाय घट्ट धरले आणि तिनं फिरवायला सुरुवात केली. मूठ सहज फिरत होती. मी तार टेकवली. दिवा लागला, भर उन्हात फिकट पिवळा. पण सोमारी दिव्याकडे पाहतच नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

"जड झालं," ती म्हणाली.

मी तार काढली. मूठ हलकी झाली. पुन्हा टेकवली, पुन्हा जड. मी तिला सांगितलं की पुढं बसलेला माणूस चावी दाबतो तेव्हा मागच्याच्या हातात असाच भार येतो, सोडली की जातो. मागच्याला लिहिता येत नसेल, वाचता येत नसेल, निरोप कोणाला चाललाय हेही ठाऊक नसेल, पण त्यातलं अक्षर न् अक्षर त्याच्या दंडांतून जातं. बिरजू मला म्हणायचा की आज तू लांबलचक बोललास, खांदे दुखले.

सोमारीनं फिरवणं थांबवलं.  मग म्हणाली की लालसू असंच फिरवायचा. जणू कधी जड लागतंय, कधी हलकं. खाली काही जोडलेलं नसताना. तिला वाटायचं, हा खेळ करतो. मी म्हटलं, करून दाखव. तिनं डोळे मिटले आणि मुठी धरल्या. वर्षानुवर्षं संध्याकाळी अंगणातून तिनं जे पाहिलं होतं ते तिच्या खांद्यांनी आठवलं. दाब, सैल, सैल, दाब. थांबली. पुन्हा तेच. पुन्हा थांबली. पुन्हा तेच.

त्यातली अक्षरं मला लागली नाहीत, खोटं कशाला सांगू. पण प्रकार लगेच कळला. ती हाक होती. निरोप द्यायच्या आधी समोरच्याला हाक मारायची असते, तीच तीच, मध्ये थांबून, तो ओ देईपर्यंत. लालसूही लढाईत कोणा बिनतारीवाल्याच्या मागे बसला असणार, आणि त्याच्या हातांनी तिथून घरी आणलं ते एवढंच.

"मंग ओ देल्ली का कोनी?" सोमारीनं विचारलं.

मला चटकन हो म्हणता आलं असतं. पण तिनं राखेनं घासून घासून खरं काढलं होतं, तिच्यापुढे माझी जीभ वळेना. मी सांगितलं की ओ आली का नाही ते फिरवणाऱ्याला कळत नाही. ओ येते ती पुढच्याच्या कानात. मागच्याच्या हातात फक्त हाक येते. ओ आली की मी मागे वळून मान हलवायचो, तेवढ्यावर बिरजू समजायचा आणि हात सोडायचा. लालसूच्या पुढं कोण बसायचा, त्याला शेवटी मान हलवायला मिळालं का नाही, कोण जाणे. हे सांगता सांगता मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पाथरवट छिन्नी थांबवून आमच्याकडे बघत होता. भोंगा एकटाच बोलत होता.

सोमारीनं यंत्र फडक्यात बांधलं. दगड वैशाखात उभा करू, ये म्हणाली, आणि ती दोघं वाळूतून गेली. आता दुसरी टोपली रिकामी होती, त्यामुळे कावड एका बाजूला कलत होती आणि पत्रू वाकडा चालत होता.

वैशाखात मी साहेबांना तिकडे रेडिओ बसवता येईल का ते पाहून येतो असं सांगून निघालो. मोह सरला होता. झाडांखालची जमीन मोहाचा सडा वेचायला झाडून स्वच्छ केलेली, तशीच होती. पाड्याच्या कडेला, लालसू जिथं बसायचा तिथून दिसेल अशा जागी दगड उभा केला होता. माणसं भोवती बसली होती. सोमारी एकेक वस्तू आणून ठेवत होती, नाव घेत होती आणि जंगू, वाकलेला, पांढऱ्या केसांचा, हातातल्या धोंड्यानं ती फोडत होता. कुऱ्हाडीचा दांडा मोडला. मडक्याला भोक पाडलं. छत्रीच्या काड्या मोडल्या.

शेवटी तिनं ते यंत्र आणलं. हिरवं, लखलखीत घासलेलं. पाय उघडून दगडापुढे ठेवलं. हे तुझं वीज काढायचं यंत्र, ती म्हणाली, हे तू विकत घेतलंस, यानं तू दुसऱ्याला बोलतं केलंस. ज्या म्हातारीनं पहिल्या दिवशी सुनेचा विनोद केला होता ती पुढंच बसली होती, आणि तिनं पदर तोंडाला लावला. जंगूनं धोंडा उचलला. सोमारीनं हातानं त्याला थांबवलं.

ती यंत्रामागे, लालसू बसायचा तशी बसली आणि मुठी फिरवू लागली. घर्र, घर्र. झाडांच्या शेंड्यांवर उन्ह होतं. दाब, सैल, सैल, दाब. थांबली. पुन्हा तेच. कुठूनतरी एक वाढलेलं वासरू येऊन कडेला उभं राहिलं. सगळा पाडा वाट पाहत बसला होता, पहिल्या संध्याकाळी बसला होता तसा. हाक तिसऱ्यांदा पुरी झाली. सोमारीनं मुठी सोडल्या, उठून दगडापुढे आली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "ओ."

मग तिनं जंगूच्या हातातला धोंडा घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. मी मागे उभा होतो. माझी मान जुन्या सवयीनं आपोआप हलली.